बँडबाहेरचं काम: रीमिक्स आत्ता घे, प्रोजेक्ट जरा थांबव

तुझा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडचा मराठी रॉक बँड, त्यात तू गिटार वाजवतोस आणि रात्री घरी लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक ट्रॅक करतोस. एका गायिकेने तिच्या गाण्याचा रीमिक्स करशील का म्हणून विचारलंय, आणि स्वतःच्या नावाने एक प्रोजेक्टही काढायचा तुझ्या मनात आहे. हे कळल्यापासून तुमचा गायक अबोला धरून बसलाय आणि ड्रमर म्हणतोय, "मग बँडचं काय?" मी पुण्यातल्या बँडमध्ये वाजवलंय आणि आता बरीच वर्षं इतरांची गाणी मिक्स करतो. वयाने मोठा आहे, म्हणून एकेरीतच लिहितो.

रीमिक्स लगेच घे. प्रोजेक्ट थांबव, पण सोडू नकोस. रीमिक्सला शेवट असतो. फायली येतात, तू बसतोस, काम होतं, फाइल परत जाते, विषय संपतो. प्रोजेक्टचं तसं नाही. त्याला नाव लागतं, पोस्टर लागतं, पहिला कार्यक्रम मिळाला की दुसऱ्याची ओढ लागते, आणि शनिवार आठवड्यातून एकदाच येतो. मी जवळून पाहिलेल्या बँडमध्ये भांडणाला तोंड फुटलं ते बहुतेक तारखांवरून. निष्ठा वगैरे शब्द नंतर आले.

तुझा ड्रमर ढोलताशा पथकात ताशा वाजवतो असं तूच लिहिलंयस. म्हणजे पावसाळ्यात नदीकाठचा सराव सुरू झाला की थेट विसर्जनापर्यंत तो बँडला अर्धाच मिळतो. त्याला कोणी गद्दार म्हणतं का? नाही, कारण गणपती कधी आहेत हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं आणि तुम्ही त्या बेताने कार्यक्रम घेता. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. तिथे एकच तबलजी आज एका गायकाच्या, उद्या दुसऱ्याच्या साथीला बसलेला दिसतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दुसऱ्याकडे वाजवणं आपल्या गावाला नवीन नाही. तेव्हा ड्रमरशी बोलताना तारखांचंच बोल. पुढच्या सहा महिन्यांच्या बँडच्या तारखा आधी कॅलेंडरवर टाका, उरलेल्या तुझ्या. तो ऐकेल.

गायकाची गोष्ट वेगळी असावी. चांगल्या चाली तू स्वतःसाठी राखून ठेवशील आणि उरलंसुरलं बँडला देशील, ही त्याची भीती असणार, आणि ती निराधार नाही. त्यावर मला एकच नियम टिकलेला दिसलाय: जॅमपॅडवर, म्हणजे सरावाच्या खोलीत, निघालेली प्रत्येक गोष्ट बँडची, मग ती तुझ्या बोटांतून का निघालेली असेना. घरी निघालेली तुझी, पण बँडला शोभेल असं वाटलं तर आधी त्यांना ऐकवायची. हे त्याला तोंडावर सांग. ग्रुपवर मेसेज टाकून सांगायची ही गोष्ट नव्हे.

आता प्रोजेक्टबद्दल. टिकलेले प्रोजेक्ट बघ, ते बँडमध्ये जे होऊच शकत नव्हतं त्यासाठी निघालेले दिसतात. मुंबईच्या पेंटाग्राम बँडचा रँडॉल्फ कोरिया गायिका मोनिका डोग्राबरोबर शायर अँड फंक करत होता, आणि त्याच पेंटाग्राममध्ये गाणारा विशाल ददलानी शेखर रवजियानीबरोबर हिंदी सिनेमाला संगीत देत होता. झीरो बँडच्या वॉरन मेंडोन्साने ब्लॅकस्ट्रॅटब्लूज या नावाने वाद्यसंगीत केलं, जिथे गाणं गिटारच सांगते. बाहेर पाहिलंस तर ब्लर या ब्रिटिश बँडच्या डेमन अल्बार्नने गोरिलाझमध्ये हिप-हॉपपर्यंत मजल मारली. डेथ कॅब फॉर क्यूटी या अमेरिकन बँडचा बेन गिबर्ड आणि जिमी टॅम्बोरेलो यांनी वेगवेगळ्या शहरांत राहून टपालाने टेप पाठवत काम केलं, म्हणून नाव ठेवलं पोस्टल सर्व्हिस. त्यांचा अल्बम २००३ मध्ये आला आणि गिबर्डचा बँड त्यानंतरही चालूच राहिला. तू घरी करतोस ते बँडच्या गाण्यांचंच गिटार कमी, सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज) जास्त असं रूप असेल, तर ते आधी बँडमध्येच आण. तिथे खरोखर मावणार नाही असं काही हाताला लागलं की प्रोजेक्ट काढ.

ते काय असेल हे कळायला रीमिक्ससारखं दुसरं काही नाही. दुसऱ्याचं गाणं सुटं होऊन समोर येतं आणि काय ठेवायचं, काय फेकायचं ते तुला ठरवावं लागतं. प्रायमल स्क्रीम या बँडच्या एका संथ गाण्याचं डीजे अँड्र्यू वेदरॉलने १९९० मध्ये पार वेगळं नाचण्याजोगं काहीतरी करून टाकलं, आणि मूळ गायन जवळजवळ सगळंच बाजूला ठेवलं. पुढे बँडची स्वतःची वाटही त्यामुळे बदलली. इतकी मोकळीक बँडमध्ये राहून कुणी घेत नाही.

तुझी अडचण ही की गायिकेचं गाणं सात मात्रांच्या रूपक तालात आहे आणि चारचा ठोका बसत नाही. बसतो. किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, प्रत्येक मात्रेवर ठेवलीस तर तिला सात काय आणि चार काय, फरकच पडत नाही. घोळ होतो टाळीने, म्हणजे क्लॅपच्या आवाजाने. एक सोडून एक मात्रेवर टाळी टाकलीस की पहिल्या आवर्तनात ती दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या मात्रेवर पडते आणि पुढच्या आवर्तनात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या मात्रेवर. म्हणजे समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी एका आवर्तनाआड येते. ही चूक समजून टाळी सरकवत बसू नकोस, रूपकातल्या नाचाची खरी गंमत तीच आहे. बेस मात्र सात मात्रांचाच ठेव. तो चारचा केलास तर गायिकेचा मुखडा घसरल्यासारखा वाटतो. फिल्टर उघडणं, नवीन आवाज आणणं हे आठ बारांच्या (चार मात्रांचा एक बार) सवयीने करू नकोस. आठ बारांच्या ३२ मात्रा होतात आणि तू ऐन आवर्तनाच्या मधे येऊन पडतोस. सात बार म्हणजे २८ मात्रा, म्हणजेच बरोबर चार आवर्तनं. तिथे बदल कर, ऐकणाऱ्याला आपोआप सम सापडते.

फायली मागताना नीट माग. सगळे ट्रॅक एकाच बिंदूपासून सुरू होणारे, २४ बिट वेव्ह, सेशनच्याच सॅम्पल रेटला. आवाजाचे दोन ट्रॅक, एक कोरडा आणि एक रिव्हर्ब-डिलेसकट. मास्टरवरचा लिमिटर, म्हणजे आवाज एका पातळीवर दाबून धरणारा इफेक्ट, बंद करून. गाणं क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, रेकॉर्ड झालंय का तेही विचार. झालं नसेल तर लय आत-बाहेर होणार, आणि मग गाण्याला ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर) ओढण्यापेक्षा ग्रिड गाण्यामागे ने. अंतऱ्यात थोडी चढलेली लय सपाट केली की गायिकेचा श्वास चुकीच्या जागी ऐकू येतो.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे, पण आधी करून घे. ध्वनिमुद्रणाचा हक्क एक आणि शब्द-चालीचा वेगळा. रेकॉर्डिंगचा खर्च गायिकेने स्वतः केला असेल तर ध्वनिमुद्रण बहुधा तिचं, एखाद्या कंपनीने केला असेल तर कंपनीचं, आणि मग तिने तोंडी हो म्हणून भागत नाही. गीतकार-संगीतकार वेगळे असतील तर त्यांनाही विचारायला हवं. "जुनं गाणं आहे, पाच वर्षांनी कुणालाही करता येतं" असं तुझ्या प्रश्नाखाली एकाने लिहिलंय, ते रीमिक्सला लागू नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेलं कलम ३१सी कव्हर व्हर्जनसाठी, म्हणजे तेच गाणं दुसऱ्याने नव्याने गाऊन-वाजवून रेकॉर्ड करण्यासाठी, आहे, आणि तिथेही तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करायला मनाई आहे. २००२ च्या आसपास जुन्या हिंदी गाण्यांच्या रीमिक्सची लाट आली होती, ती जुन्या तरतुदींवर. एका साध्या ईमेलवर तिची परवानगी, तुझं मानधन किंवा वाटा, आणि नाव कसं छापायचं हे तिन्ही मुद्दे लिहून घे. रीमिक्स हे नवं ध्वनिमुद्रण, त्याला आयएसआरसी कोडही (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) नवा लागतो. मूळचाच चिकटवलास तर दोन्हींचा हिशोब एकत्र होऊन बसतो.

नाव बँडचं लावू की स्वतःचं, असं शेवटी विचारलंयस. स्वतःचं लाव. बँडचं नाव चौघांचं आहे आणि या कामात तिघांचा हात नाही. कच्चा मिक्स झाला की गायिकेला पाठवायच्या आधी ड्रमरला ऐकव. रूपकातली टाळी कुठे जड पडतेय ते ताशा वाजवणारा तुला पहिल्याच आवर्तनात सांगेल.