स्तनांच्या आजारात कॅथलिक लोक संत अगाथाची प्रार्थना का करतात?

कारण तिचा छळच तसा झाला होता. अगाथा इटलीतल्या सिसिली बेटावरच्या कातानिया शहराची. रोमन सम्राट डेसियसच्या काळात, साधारण इ.स. 251 मध्ये, तिला ठार मारलं गेलं. परंपरा सांगते की तिने अधिकारी क्विंतियानसला नकार दिला, ख्रिस्तावरची श्रद्धाही सोडली नाही, म्हणून तिचे स्तन कापले गेले. तुरुंगात संत पीटरने येऊन तिच्या जखमा बऱ्या केल्या, अशीही कथा आहे. म्हणून स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण तिला आपली संत मानतात. जे तिने सोसलं, तेच आपल्या वाट्याला आलंय, ही भावना मला फार खरी वाटते.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: कॅथलिक शिकवणीनुसार आराधना फक्त देवाची. संताकडे मागायचं ते एवढंच, ‘आमच्यासाठी देवाकडे रदबदली कर.’

तिचा सण 5 फेब्रुवारीला. कातानियात 3 ते 5 फेब्रुवारी उत्सव चालतो. पांढरे झगे आणि काळ्या टोप्या घातलेले भाविक दोरखंड धरून तिचा चांदीचा रथ शहरभर ओढतात. कित्येकांच्या खांद्यावर नवसाच्या जाडजूड मेणबत्त्या असतात. जवळच्या एटना ज्वालामुखीचा लाव्हा गावांवर चालून आला की तो थांबावा म्हणून तिचं डोक्यावरचं वस्त्र मिरवणुकीने नेत, 1886 मध्येही नेलं होतं.