लॉ आणि बीएफए एकाच वेळी करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावी झाली, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड आहे, लॉ सीईटीचा स्कोअरही बरा आहे. चित्रकला सोडवत नाही आणि वकिलीही करायची आहे. यूजीसी आता दोन पदव्या एकत्र करू देते म्हणे, तर सकाळी लॉ कॉलेज आणि दुपारी आर्ट कॉलेज असं जमेल का? परदेशात असतं म्हणतात, ते काय?

भारतात एकाच वेळी नाही जमणार. एकामागून एक मात्र नक्की जमेल आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे: आधी बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, चित्र-शिल्पकलेची पदवी), मग तीन वर्षांचं एलएलबी.

यूजीसीच्या बातमीने गोंधळ झालेले बरेच जण भेटतात. एप्रिल २०२२ च्या त्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन पूर्णवेळ पदव्या करता येतात, हे खरं. पण जिथे स्वतंत्र व्यावसायिक परिषद आहे तिथे त्या परिषदेचे नियमही लागू राहतात, हे त्याच सूचनांत आहे. कायद्याची परिषद म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडिया. तिच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला नियम ६ सरळ सांगतो की कायद्याच्या पदवीला नाव असताना दुसऱ्या कुठल्याही पदवी, पदव्युत्तर किंवा सर्टिफिकेट कोर्सला नाव घालता येणार नाही. अपवाद तीनच: त्याच संस्थेचा एकात्मिक कोर्स (बीए एलएलबी, बीबीए एलएलबी वगैरे), भाषा किंवा संगणकाचा अल्पकालीन अर्धवेळ कोर्स, आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा कोर्स. बीएफए यात कुठेच बसत नाही. सर्टिफिकेट हा शब्दही नीट वाचा. लॉ करताना एखाद्या संस्थेत कलेतिहासाचं वर्षभराचं सर्टिफिकेट घेऊन टाकू, असा विचार असेल तर तोही नियमाच्या अक्षरात अडकतो. असे कोर्स दोन पदव्यांच्या मधल्या काळात किंवा नंतर करा.

‘कोणाला कळतंय’ हा सल्लाही तुम्हाला मिळेल. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बार कौन्सिलने लॉ कॉलेजांना विद्यार्थ्यांकडून हमीपत्र घ्यायला सांगितलं आहे: दुसरी नियमित पदवी चालू नाही, नोकरी असेल तर ना-हरकत घेतली आहे, हजेरी पुरी आहे. खोटं लिहून दिलंत तर ते लेखी राहतं. शिवाय अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये दोन्हीकडचे क्रेडिट एकाच खात्यावर दिसतात, आणि सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, अर्ज भरताना सगळ्या गुणपत्रिका वर्षांसकट जोडाव्या लागतात. सात-आठ वर्षांचं काम त्या एका टेबलावर अडकवून ठेवण्यात शहाणपण नाही.

नियम बाजूला ठेवला तरी तासांचा हिशेब बसत नाही. कायद्याचा नियमित कोर्स म्हणजे रोज सलग किमान ५ तास, वर अर्ध्या तासाची सुट्टी, आठवड्याला किमान ३० तास. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी, त्यात मूट कोर्ट (सरावासाठी लढवलेला काल्पनिक खटला) आणि ट्यूटोरियलही धरलेली. मुंबई-पुण्याच्या काही कॉलेजांत वर्ग सकाळी भरतात, म्हणून लोकांना वाटतं दुपार मोकळी. पण बीएफएचं काम लेक्चरला बसून उरकत नाही. लाइफ ड्रॉइंगला मॉडेल ठरलेल्या वेळेला बसतं, मातीकामात साचा ओतायचा दिवस तुमच्या सोयीने येत नाही, लिथोग्राफीचा दगड घासून, चित्र काढून, अ‍ॅसिड-गोंद लावून प्रिंट काढेपर्यंत मधेच उठून जाता येत नाही. आणि सबमिशन दोन्हीकडे सत्राच्या शेवटी एकदम येतात. एका बाजूला केटी लागते, म्हणजे विषय राहतो, आणि दुसऱ्या बाजूला पोर्टफोलिओ पातळ होतो. पुढे जाऊन पातळ पोर्टफोलिओचं नुकसान जास्त मोठं असतं, कारण केटी सुटते.

आता क्रम. बीएफए चार वर्षं, त्यावर एलएलबी तीन, एकूण सात. उलट गेलात, म्हणजे बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ आणि मग बीएफए, तर नऊ. कारण चित्रकलेत पदवीधरासाठी छोटी बीएफए नाही, बारावीच्याच पात्रतेवर पुन्हा पहिल्या वर्षापासून बसावं लागतं. फक्त कलेतिहासात रस असेल तर गोष्ट वेगळी: दिल्लीच्या जेएनयूच्या कला व सौंदर्यशास्त्र विभागात एमएला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, तेव्हा बीए एलएलबी आणि मग ते, हा रस्ता उघडा आहे. पण हातात ब्रश ठेवायचा असेल तर बीएफए आधी. विशीतल्या हाताला जी सवय लागते ती सनद मिळाल्यावर लावायला वेळ सापडत नाही, असं माझं ठाम मत आहे. तीन वर्षांच्या एलएलबीला वयाची अटही आड येत नाही.

बीएफएला महाराष्ट्रात सीईटी सेलची अप्लाइड आर्ट्स अँड क्राफ्ट्स सीईटी असते. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान. इंटरमिजिएटची ए ग्रेड हात तयार असल्याची खूण, पण सीईटीचा सराव वेगळा करा. स्मरणचित्रात माणसांचे समूह वेळेत न बसल्याने बरेच जण मागे पडतात. जे. जे. २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालं आहे, तेव्हा तिथली प्रवेशप्रक्रिया त्यांच्या त्या वर्षीच्या पत्रकावरूनच बघा. पणजीच्या आल्तिन्होवरचं गोवा कला महाविद्यालय गोवा विद्यापीठाला जोडलेलं आहे.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात पडलेल्यांना तो चार वर्षांनी कळतो. महाराष्ट्रात बऱ्याच कला महाविद्यालयांत कला संचालनालयाच्या पदविका चालतात: जी.डी. आर्ट, ए.टी.डी. वगैरे. शिक्षण चांगलं असू शकतं, पण ती पदविका आहे, पदवी नाही. तीन वर्षांच्या एलएलबीला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवीच लागते. म्हणून कॉलेजात फी भरण्याआधी एकच विचारा: शेवटी जो कागद मिळणार तो कुठल्या विद्यापीठाचा आणि त्यावर ‘बॅचलर’ लिहिलेलं असणार का?

दुसरी गोष्ट गुणांची. एलएलबीला पदवीत किमान ४५ टक्के लागतात, ओबीसीला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. बीएफएच्या मुलांना हे सोपं वाटतं, पण ज्या वर्षी स्टुडिओत रमून थिअरीकडे काणाडोळा होतो त्या वर्षी सरासरी खाली येते. निकाल सीजीपीएमध्ये असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीचं रूपांतर लिहून घ्या. कॅप राउंडच्या (केंद्रीय प्रवेशफेरीच्या) कागदपत्र तपासणीत आपण स्वतः केलेला गुणाकार चालत नाही. शेवटच्या वर्षात असतानाच लॉ सीईटी देता येते. मात्र वर्षअखेरचा डिस्प्ले, ज्युरी आणि सीईटीची तयारी एकाच सुमारास येतात, तेव्हा लीगल रीझनिंगचा सराव दिवाळीनंतर लगेच सुरू केलेला बरा. पेपर बहुपर्यायी आहे, निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नका. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका.

आता मुद्द्याचा भाग: या जोडीचा उपयोग काय? कॉपीराइट कायदा १९५७ घ्या. कलम १७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक सहसा ती करणारा. पण उपकलम (ब) म्हणतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेला फोटो, रंगवलेलं चित्र किंवा पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग (कोरून केलेलं छापचित्र) किंवा फिल्म यांचा पहिला मालक काम सांगणारा, जर उलट करार नसेल तर. यादी पुन्हा वाचा: शिल्प त्यात नाही. म्हणजे एका खासगी ट्रस्टने संस्थापकांचं तैलचित्र आणि अर्धपुतळा दोन्ही पैसे देऊन करून घेतले, कागदावर काहीच लिहिलं नाही, तर चित्राचा कॉपीराइट ट्रस्टचा आणि पुतळ्याचा शिल्पकाराचा. ट्रस्टने कॅलेंडरवर तैलचित्र छापलं तर चित्रकाराला बोलता येत नाही. पुतळ्याच्या छोट्या प्रतिकृती करून विकल्या तर शिल्पकाराला येतं. काम सरकारने किंवा सरकारी उपक्रमाने करून घेतलं असेल तर पुन्हा वेगळी उपकलमं. हे निव्वळ कायदा शिकलेल्याला पाठ असतं, पण एनग्रेव्हिंग म्हणजे नक्की काय आणि लिनोकट (लिनोलियम कोरून काढलेला छाप) त्यात धरायचा का, यावर तो अडखळतो. तुम्ही अडखळणार नाही.

तसंच कलम १९. कॉपीराइट देणं लेखी आणि सहीनिशी हवं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. गॅलऱ्या आणि प्रकाशक जे एक पानी पत्र पुढे करतात त्यात ‘सर्व हक्क’ असतं आणि या दोन ओळी गायब असतात. कलम १५ कापडावर, टाइल्सवर डिझाइन करणाऱ्यांना रडवतं: डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखं डिझाइन न नोंदवता कारखान्यात ५० पेक्षा जास्त वस्तूंवर उतरलं की त्यातला कॉपीराइट संपतो.

कलम ५७ म्हणजे कलाकाराचे खास हक्क, कॉपीराइट विकला तरी राहणारे. अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. याउलट प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स पाडल्यावर वास्तुविशारद राज रेवल तेच कलम घेऊन गेले तेव्हा २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने दावा मानला नाही. जमीन-इमारतीच्या मालकाचा हक्क वरचढ ठरला. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचणं हा एलएलबीच्या पहिल्या सुट्टीतला चांगला अभ्यास आहे.

अश्लीलतेचे खटले मुंबईला नवे नाहीत. चित्रकार अकबर पदमसींवर १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनातल्या चित्रावरून खटला झाला आणि ते सुटले. त्यांच्याच आणि गोव्यातल्या साळगावचे चित्रकार एफ. एन. सूझा यांच्या मिळून सात कलाकृती मुंबईच्या कस्टम्सने २०२३ मध्ये अश्लील म्हणून अडकवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून त्या सोडायला लावल्या. नग्नचित्रण आणि अश्लीलता यातला फरक न्यायालयापुढे मांडायला लाइफ क्लासमध्ये बसलेला वकील असेल तर त्याचं बोलणं वेगळं पडतं, एवढं नक्की.

एलएलबीच्या तीन वर्षांत किमान १२ आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे, पण कुठल्याही एका वर्षात सलग ४ आठवड्यांपेक्षा जास्त नाही. सगळीच कॉपीराइटच्या चेंबरमध्ये घालवू नका. एक भाग जिल्हा न्यायालयात ट्रायल करणाऱ्या वकिलाकडे काढा, कारण पुरावा कसा नोंदवतात ते तिथेच दिसतं. चित्राची ‘प्रोव्हेनन्स’, म्हणजे ते कुणाकडून कुणाकडे गेलं याची साखळी, हाही शेवटी पुराव्याचाच प्रश्न आहे.

नंतर सनद. जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्य बार कौन्सिलला नोंदणीसाठी कायद्यात लिहिलेल्या फीपेक्षा जास्त घेता येत नाही: खुल्या वर्गाला एकूण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५, स्टॅम्प ड्युटी वेगळी. मग ऑल इंडिया बार एक्झाम, १०० बहुपर्यायी प्रश्न, कायद्याच्या मूळ मजकुराचे, टिपा नसलेले बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतात. सनद घेतल्यावर वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही, पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही आणि जाहिरातही करता येत नाही. म्हणजे स्वतःच्या नावाने गॅलरी किंवा जाहिरात स्टुडिओ चालवायचा बेत असेल तर तो सनदेबरोबर चालत नाही. भागीदारीत पैसा घालून प्रत्यक्ष कामापासून लांब राहायला बार कौन्सिलची हरकत नसेल तर मुभा आहे. अर्धवेळ शिकवणं आणि लेखन चालतं. पूर्णवेळ स्टुडिओकडे वळायचं झालं तर सनद स्वतःहून स्थगित ठेवता येते, आणि नंतर पुन्हा चालू करता येते.

राहिला परदेशाचा प्रश्न. ऑस्ट्रेलियात हे खरोखर आहे. सिडनीच्या यूएनएसडब्ल्यूमध्ये फाइन आर्ट्स आणि लॉ अशी जोड पदवी आहे, कॅनबेराच्या एएनयूमध्ये व्हिज्युअल आर्ट्स आणि लॉ. तिथे दोन्ही पदव्यांतले ऐच्छिक विषय कमी करून एकीचे क्रेडिट दुसरीत धरतात, म्हणून वेगवेगळं करण्यापेक्षा काळ कमी लागतो. यूएनएसडब्ल्यूचा कला विभाग पॅडिंग्टनला आणि लॉ केन्सिंग्टनला, म्हणजे दोन कॅम्पसमध्ये ये-जा आलीच. खर्चाचा आकडा बघण्याआधी परत येऊन इथे वकिली करायची आहे का ते ठरवा. परदेशी कायद्याच्या पदवीवर भारतात सनद हवी असेल तर ते विद्यापीठ आणि तो कोर्स बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेला असावा लागतो आणि वर कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते. मान्यतेबद्दल कौन्सिलला प्रवेशाआधी लेखी विचारा. एजंटच्या तोंडी हमीवर फी भरू नका.