जुन्या पाइन पॅनेलिंगला नवं फिनिश देताना

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी जुनं फिनिश ओळखा. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा थोडा वेळ दाबून धरा. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश, आणि ते स्पिरिटनेच निघतं. जुना ऑइलपेंट असेल तर शिसं तपासल्याशिवाय कोरडं घासू नका, ही धूळ घातक असते. मग १२०, नंतर १८० नंबरचा पेपर, लाकडातल्या रेषांच्याच दिशेने. पाइन मऊ, घासायचं मशीन एका जागी थांबलं की खळगा पडतो. स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, थेट लावला तर चट्टे उठतात, म्हणून आधी पातळ लाखेचा एक हात द्या. लाकूड झाकणारा ऑइलपेंटसारखा रंगच द्यायचाय? गाठींवर लाखेचा प्रायमर हवाच, नाहीतर पिवळे डाग वर येतात. पण लाकूड धड असेल तर नुसतं साफ करून नवा हात द्या, असंच मी सुचवेन. वर्षानुवर्षांच्या उजेडाने आलेला तो मधाळ रंग घासल्यावर लगेच परत येत नाही.