मालवणला दोन दिवसांत ताजे मासे आणि बेटं, दोन्ही नीट कसं जमवावं?

डिसेंबरात दोन दिवस आहेत, वार कोणताही चालेल, असं तुम्ही म्हणता. मग वार सोडा आणि कालनिर्णय उघडून तिथी बघा. मालवणात सगळं भरती-ओहोटीवर चालतं.

हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट जितके वाजतात, तेव्हा साधारण पूर्ण भरती. सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, म्हणजे सव्वानऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला (आकडा पंधरा) सव्वाअकराला भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी जे त्सुनामी आयलंड दाखवतात, ती वाळूची पुळण आहे. भरतीला पाण्याखाली जाते. पुनवेला अकरा वाजता गेलात तर उभं राहायलाही जागा सापडणार नाही. म्हणून चतुर्थी-पंचमी धरा आणि सकाळी नऊ-दहाला तिथे असा. दुपारनंतर वारा सुटतो, होडी हलते, पाणी गढुळतं. म्हणून स्नॉर्कलिंग किंवा स्कूबा करायचं असेल तर तेही सकाळीच, पोट हलकं ठेवून.

सिंधुदुर्ग किल्ला दुसऱ्या सकाळी, पहिल्या होडीने. बंदरावरून दहा-पंधरा मिनिटं लागतात. होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात आणि तट सुमारे ३ किलोमीटरचा आहे, त्यामुळे सगळं होत नाही. गोमुखी दरवाजा, शिवराजेश्वराचं देऊळ आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आधी बघा. चहूबाजूंनी खारं पाणी आणि विहिरीत गोडं, हे बघण्यासाठी तरी जाच. जास्त वेळ हवा असेल तर चढण्याआधीच होडीवाल्याशी बोलून ठेवा.

आता मासे. संध्याकाळी बंदरावर होड्या लागल्या की लिलाव होतो, तो बघा. विकत घेणार असाल तर कल्ला उघडून बघा: लालभडक हवा. डोळा फुगीर हवा आणि बोटाने दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. कुर्ली, म्हणजे खेकडा, हातात जड लागली पाहिजे. भरलेली कुर्ली अमावास्येच्या आसपास मिळते, असं इथले लोक मानतात. पुनवेची पोकळ निघते.

खानावळीत "सुरमई थाळी" एवढंच सांगून बसू नका. आज काय आलंय ते आधी विचारा आणि तुकडीचा भावही. सुरमई सगळीकडे मिळते. मालवणची खरी चव तिरफळं (मसाल्याची फळं) घातलेल्या बांगड्याच्या किंवा तारल्यांच्या आमटीत आहे. तिरफळ चावू नका, जीभ बधिर होते. मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण दिसलं तर सोडू नका. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, तेव्हा बाजारात गर्दी कमी असते.

रेल्वेने आलात तर कुडाळला उतरा, तिथून मालवण ३० किलोमीटरच्या आत आहे. पुढेमागे पावसाळ्यात यायचं मनात आलं तर जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि किल्ल्याच्या होड्या ऑगस्टअखेरपर्यंत सुटत नाहीत.