दाराचं नवीन हँडल सैल बसतंय. स्पिंडल कोणत्या प्रकारचा आणि मापाचा हवा, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की बेडरूमचं नवीन हँडल जरा खाली दाबेपर्यंत मोकळंच जातं आणि मग कुठे लॅच, म्हणजे दार अडकवणारी लॉकची जीभ, हलतो. माझा अंदाज, लॉकमधलं भोक ८ मिमीचं आहे आणि हँडलसोबत आलेला स्पिंडल, म्हणजे दोन्ही हँडलांना लॉकमधून जोडणारा चौकोनी दांडा, ७ मिमीचा. हार्डवेअरच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे ही तक्रार ओळखीची आहे. तरी अंदाजावर जाऊन हँडल परत करू नका. आधी मोजा.

मोजायचं ते लॉकच्या पोटातलं चौकोनी भोक. जुन्या स्पिंडलवर फार विसंबू नका, कारण कधीतरी कुणी मिस्त्रीने हाताला लागला तो बारीक स्पिंडल घालून, भोवती पत्र्याची पट्टी गुंडाळून वेळ मारून नेलेली असते. तशी पट्टी निघाली तर समजा, आधीचंही माप चुकलेलंच होतं.

भोक मोजायला ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू वापरा. चौकोनी भोकात त्याच्या बाजूइतक्या जाडीचा गोल दांडा जेमतेम जातो. ८ चा बिट गेला आणि साडेआठचा अडला, की भोक ८ चं. ७ चा गेला आणि ८ चा अडला, तर ७ चं. स्पिंडल मोजायला व्हर्नियर नसेल तर घरातला ८-९ चा पाना घ्या. ८ नंबरचा तोंडात नीट बसला तर स्पिंडल ८ मिमीचा, डुगडुगला तर त्याहून बारीक. पट्टीने मोजणारे हमखास कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. ७ मिमीच्या चौकोनाचा कर्ण ९.९ मिमी भरतो, म्हणून माणूस दुकानात येऊन ठामपणे १० चा स्पिंडल मागतो. सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंतचं अंतर हेच माप.

एका मिलिमीटरने एवढा काय फरक पडतो, असं वाटेल. ८ च्या भोकात ७ चा चौकोन घातला की कोपरे भिंतीला टेकेपर्यंत तो दोन्ही बाजूंना सुमारे ९-९ अंश मोकळा फिरतो. ६ चा घातला तर हीच मोकळीक एका बाजूला पंचवीस अंशांपर्यंत जाते, आणि हँडलचा अर्ध्याहून जास्त फेरा वाया जातो. ५ चा तर कशालाच न अडता गरागरा फिरेल, कारण त्याचा कर्णच भोकाच्या बाजूपेक्षा कमी. बाथरूमच्या दारात आतून फिरवायची जी छोटी कडी असते, तिचा स्पिंडल बऱ्याचदा ५ किंवा ६ चा असतो. पाकिटातला तो बारीक दांडा चुकून हँडलला लावला जातो, तेवढं एकदा बघा.

आपल्याकडच्या मॉर्टिस लॉकमध्ये (दाराच्या जाडीत बसवलेल्या कुलपात) ८ मिमी सर्रास चालतं. ७ मिमी भेटतं ते मुख्यतः यूपीव्हीसी खिडक्यांच्या हँडलला. फ्रान्समध्ये मात्र घरातल्या दारांनाही ७ चा चौकोन नेहमीचा आणि जर्मनीत आगरोधक दारांना ९ चा, त्यामुळे नातेवाइकांनी तिकडून हौसेने आणलेलं हँडल इथे डोकं खातं. कॅम्पातल्या, म्हणजे जुन्या छावणी भागातल्या बंगल्यांमध्ये ब्रिटिश काळातले पितळी नॉब असतील तर स्पिंडल इंची असतो. अडीच सुतांचा (५/१६ इंच) म्हणजे ७.९४ मिमी, तो ८ च्या भोकात बिनतक्रार जातो. फक्त त्यावर आटे असतात आणि नॉब त्यावर फिरवून बारीक स्क्रूने जागीच अडकवलेला असतो. आजचं हँडल त्या आट्यांवर नीट धरत नाही, म्हणून स्पिंडलसकट बदला.

आता प्रकार. खोलीच्या दाराला अखंड, सरळ चौकोनी दांडा असतो. मेन डोअरला दोन तुकड्यांचा असू शकतो. काढून हातात घ्या आणि दोन्ही टोकं उलट दिशांना पिळा. वेगवेगळी फिरली तर तो स्प्लिट स्पिंडल. लॉकच आतल्या-बाहेरच्या हँडलसाठी वेगळं चालणारं असेल तर तिथे अखंड दांडा कधीही घालू नका. दोन्ही हँडलं एकमेकांना बांधली जातात आणि किल्लीशिवाय बाहेरूनही दार उघडायला लागतं. बाहेर नुसतं ओढायचं हँडल असेल तर आतल्या हँडलपुरता अर्धा स्पिंडल येतो. तो आरपार सरकू नये म्हणून मध्ये अडसर असतो, त्यामुळे निम्मा कापलेला साधा दांडा त्याच्या जागी चालत नाही. आणि मधोमध बटण असलेलं गोल नॉबचं लॉक असेल तर हे सगळं विसरा. त्यात असा चौकोनी दांडा नसतोच, ते अख्खं बदलतात.

माप बरोबर निघालं तरी हँडल लोंबत असेल तर दोष स्पिंडलचा नसेल. हँडल काढा, नुसता स्पिंडल लॉकमध्ये घालून पान्याने फिरवा आणि सोडा. लॅच झटकन बाहेर आला तर लॉक ठीक आहे, स्प्रिंग हँडलची गेली. नाही आला तर लॉक बॉडी बदला, नवीन हँडलवर पैसे घालवू नका.

हँडल लांब प्लेटचं असेल तर हँडलच्या मध्यापासून किल्लीच्या सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतरही मोजून न्या. आपल्याकडे ते बहुधा ८५ मिमी असतं, जर्मनीत खोल्यांच्या दारांना ७२. हे जुळलं नाही तर ८ चा स्पिंडल असूनही प्लेट बसणार नाही.

सध्याच्या अडचणीवर स्वस्त उपाय म्हणजे ७ ला ८ करणारी बारीक नळी, स्लीव्ह. पण ती लॉकच्या बाजूचाच सैलपणा घालवते. तुमच्या हँडलच्या खाचेत ८ चा दांडा जात असेल तर सरळ तोच घ्या. लांबी दाराच्या जाडीनुसार बघा, दोन्ही हँडलांत निदान १०-१२ मिमी शिरला पाहिजे. नाहीतर एलन कीने आवळायचा स्क्रू टोकावरच टेकतो आणि थोड्याच दिवसांत हँडल हातात येतं. लांब पडला तर हॅकसॉने कापा, कापलेल्या टोकावर कानस फिरवा. कापताना उठलेला कंगोरा राहिला तर स्पिंडल हँडलमध्ये अडकतो, पुढच्या वेळी ठोकून काढावा लागतो.