चोर पडल्यानंतरचे दोन घाव

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. मोहोळ तालुक्यातल्या शेतवस्तीवर रात्री दोनच्या सुमारास दाराची कडी उचकटून तिघे जण घरात शिरले, त्यांतल्या एकाने आपल्या आईच्या गळ्यातले डोरले ओढताना तिच्या दंडावर कोयत्याचा वार केला, आरडाओरड ऐकून जागा झालेल्या धाकट्या भावाने कोपऱ्यातला लोखंडी पाइपचा तुकडा उचलून त्या माणसाच्या डोक्यात घातला, तो खाली पडला, बाकीचे दोघे उसातून पळून गेले आणि त्यानंतर, आपल्याच शब्दांत, ‘रागाच्या भरात त्याने आणखी दोन घातले’. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये नेईपर्यंत तो माणूस गेला होता. भाऊ आज खुनाच्या गुन्ह्यात न्यायालयीन कोठडीत आहे. गाव त्याला शूर म्हणते, चुलते म्हणतात की आरोप वडिलांनी स्वतःवर घ्यावा, आणि इतकी वर्षे पंढरीची वारी न चुकवणाऱ्या वडिलांनी गळ्यातली माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवली आहे. हा खून ठरतो का, असे आपण विचारले आहे आणि शेवटच्या ओळीत, काहीशा संकोचाने, हे पाप आहे का, असेही विचारले आहे. दुसरा प्रश्न वकिलाचा नव्हे असे म्हणून मी सुटू शकलो असतो. पण ही दोन्ही उत्तरे एकाच जागी, म्हणजे तो माणूस जमिनीवर पडला त्या क्षणापाशी, येऊन थांबतात, असे माझे मत आहे.

घटना १ जुलै २०२४ नंतरची असल्यामुळे तिला जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता लागू होते. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे, आणि हा हक्क स्वतःच्या देहापुरता नसून दुसऱ्या कोणाच्याही देहाच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी वापरता येतो. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी असा हल्ला होत असेल, तर ३८व्या कलमाप्रमाणे हल्लेखोराचा जीव जाण्याइतका प्रतिकारही गुन्हा ठरत नाही; आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घर फोडून कोणी आत शिरले असेल किंवा जबरी चोरी करत असेल, तर ४१वे कलम मालमत्तेच्या रक्षणासाठीही तीच मुभा देते. (विहिरीवरची केबल कापणाऱ्या चोराच्या बाबतीत ही मुभा नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे, नुसत्या चोरीसाठी जीव घेण्याचा हक्क कायद्याने कोणालाही दिलेला नाही.) आईच्या दंडातून रक्त वाहत असताना आणि कोयता अजून त्या माणसाच्या हातात असताना भावाने घातलेला पहिला घाव, माझ्या मते, या हक्काच्या मधोमध बसतो. पोलिसांना का बोलावले नाही, असे विचारले जाईल, कारण सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल तेथे हा हक्क उरत नाही, असे ३७वे कलम सांगते. पण रात्री दोन वाजता रानातल्या वस्तीवर, कोयता समोर असताना, ११२ क्रमांक फिरवण्याइतका वेळ होता असे कोणी गंभीरपणे म्हणेल, असे मला वाटत नाही. घाव अमुक जोराचाच का घातला नाही, हा हिशेबही त्या क्षणी कोणाला करता येत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की जिवावरच्या प्रसंगात सापडलेल्या माणसाने आपला प्रतिकार पायरीपायरीने मोजून मापून करावा, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही.

मात्र त्याच निकालात हेही म्हटले आहे की हा हक्क बचावाचा आहे, सूड घेण्याचा नाही. ४०व्या कलमाप्रमाणे देहाच्या रक्षणाचा हक्क भीती सुरू होताच सुरू होतो आणि भीती असेपर्यंतच टिकतो. म्हणून उरलेल्या दोन घावांबाबत न्यायालय एकच विचारील, की तेव्हा भावाला कशाची भीती होती? तो माणूस पुन्हा उठू पाहत होता का, कोयता त्याच्या हाताशी होता का, पळालेले दोघे परततील असे वाटत होते का, घरात दिवा होता की अंधार, पहिला आणि तिसरा घाव यांत एका श्वासाचे अंतर होते की चार मिनिटांचे? ‘रागाच्या भरात’ हे आपले शब्द आहेत, त्याचे नव्हेत. आपण त्या रात्री तेथे नव्हता. त्याच्या मनात काय होते हे आपण त्याच्याऐवजी ठरवू नये आणि हे शब्द पुन्हा कोणाजवळही उच्चारू नयेत.

आता खून की काय, याविषयी. भीती कायम असताना तिन्ही घाव पडले असे दिसले, तर गुन्हाच नाही. हक्क होता पण तो सद्भावनेने वापरताना मर्यादा ओलांडली गेली, आधी बेत नव्हता आणि बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हेतूही नव्हता असे दिसले, तर १०१व्या कलमाच्या दुसऱ्या अपवादामुळे ते कृत्य खून न राहता सदोष मनुष्यवध ठरते आणि शिक्षा १०५व्या कलमाखाली येते, जिचा एक भाग जन्मठेपेपर्यंत जातो आणि दुसरा, जीव घेण्याचा हेतू नसून जीव जाऊ शकतो एवढी केवळ जाणीव असलेल्या कृत्याचा, कमाल दहा वर्षांपर्यंतच. धोका पूर्ण टळल्यावर जीव घेण्यासाठीच मारले असे दिसले, तर १०३वे कलम, म्हणजे खून. यांतले काय होईल हे बऱ्याच अंशी शवविच्छेदनाच्या अहवालावर ठरेल. मृत्यू पहिल्या घावाने झाला आणि नंतरचे घाव पायांवर किंवा खांद्यावर होते, तर प्रकरणाचे रूपच बदलते. तिन्ही डोक्यावर असतील, तर वाट बिकट आहे आणि ते मी आपल्यापासून लपवणार नाही.

हा अपवाद सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष अधिनियमाच्या १०८व्या कलमाने आरोपीवर टाकला आहे, पण सरकार पक्षाला करावा लागतो तसा निःसंशय पुरावा त्याला द्यावा लागत नाही. त्याचे म्हणणे अधिक संभवनीय दिसले तरी पुरते. म्हणूनच आईच्या जखमेचा वैद्यकीय दाखला, तुटलेल्या कडीचा आणि कोयत्याच्या जप्तीचा पंचनामा ही कागदपत्रे भावाच्या बाजूने बोलणारे साक्षीदार आहेत. आईची जबरी चोरीची आणि घरफोडीची फिर्याद स्वतंत्रपणे नोंदवली गेली आहे का, हे आपल्या पत्रावरून कळत नाही. ती नोंदवलेली नसेल, तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि तरीही दखल न घेतल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. पळालेले दोघे सापडणे ही आज आपल्या कुटुंबाचीच गरज आहे.

चुलत्यांच्या सल्ल्याविषयी मी कठोर बोलणार आहे. वडिलांनी गुन्हा अंगावर घेणे म्हणजे खरा आरोपी वाचवण्यासाठी खोटी माहिती देणे, आणि संहितेच्या २३८व्या कलमाखाली तो स्वतंत्र गुन्हा आहे. त्याहून वाईट असे, की ज्या घरात एक गोष्ट खोटी निघाली, त्या घराच्या खऱ्या गोष्टीवरही, म्हणजे आईवर झालेल्या वारावरही, न्यायाधीशांचा विश्वास बसणे अवघड होते. भावाने त्याच रात्री मावसभावाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला ‘मीच संपवला त्याला’ हा आवाजी संदेश पुसून टाकण्याचा विचारही तसाच सोडून द्या. पोलिसांपुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध चालत नाही, पण नातेवाइकाला सांगितलेले चालते. आणि घाबरलेल्या पोराने पहाटे तीनला उच्चारलेल्या तीन शब्दांचा अर्थ लावता येतो, तेच शब्द पुसल्याचा मात्र एकच अर्थ निघतो. गावातल्या मुलांनी त्याच्या नावाने जे रील्स आणि फलक केले आहेत, ते मात्र आजच उतरवायला सांगा. ज्याला आपण भीतीपोटी मारले असे न्यायालयाला सांगायचे आहे, त्याच्या मृत्यूचा जल्लोष चालू असणे आपल्याला परवडणारे नाही.

आता वडिलांची माळ. त्यांना गावातून दोन वचने ऐकवली जात असल्याचे आपण लिहिले आहे. एक मनूचे, की चाल करून येणाऱ्या आततायीला विचार न करता मारावे, त्यात दोष नाही. आणि दुसरे तुकोबांचे, की दया म्हणजे भूतांचे पालन ‘आणिक निर्दळण कंटकांचें’, म्हणजे दुष्टांचा नाशही. दोन्ही वचने खरी आहेत. पण आततायीला मारल्याने आपल्याला पापच लागेल, असे गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन म्हणतो, म्हणजे या वचनाने त्या काळीही सर्वांचे समाधान झाले नव्हते. वाटणीच्या दाव्यांत आपण ज्या मिताक्षरेचे, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेचे, नाव ऐकता, ती लिहिणारा विज्ञानेश्वर इथून फार दूरचा नव्हे, कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा. त्याने या वचनाचा काढलेला अर्थ मला वकील म्हणून फार मोलाचा वाटतो: स्वतःच्या रक्षणासाठी, मारण्याचा हेतू मनात न धरता, ब्राह्मणादी आततायीला थोपवत असताना अनवधानाने तो मेला, तर हलके प्रायश्चित्त आहे आणि राजदंड नाही. ही काळजी त्याने वरच्या वर्णांसाठी राखून ठेवली, ती आपण आज प्रत्येक माणसाला लागू करतो, एवढाच फरक. जैन श्रावकाचारातही, म्हणजे गृहस्थांच्या आचारनियमांतही, संकल्पी म्हणजे ठरवून केलेली हिंसा आणि विरोधी हिंसा वेगळ्या धरल्या आहेत. गृहस्थाला पहिली पूर्ण वर्ज्य आहे, आक्रमणाला तोंड देताना घडणारी दुसरी तशी वर्ज्य नाही. म्हणजे धर्मशास्त्रेही मेलेला माणूस कसा होता यापेक्षा मारणाऱ्याच्या मनात काय होते हेच विचारतात. पडलेल्या माणसाला कंटक म्हणायचे की नाही, हा प्रश्न वडिलांना पडला आहे आणि तो त्यांना पडू द्यावा. ‘काही पाप नाही’ असे सांगून त्यांना गप्प करण्याची घाई कोणी करू नये.

पत्रातले एक वाक्य मात्र मला खटकले: ‘त्या लोकांचा धंदाच तो आहे’. ताई, आपल्या सोलापुरात ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आजही आहे. १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मावरूनच माणसांना चोर ठरवले आणि तारेच्या कुंपणात कोंडले, त्याची ती खूण. ते कायदे रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. स्वसंरक्षणाचा हक्क समोरच्याच्या हातातल्या कोयत्यामुळे मिळतो, त्याच्या जातीमुळे नाही. शिवाय मृत माणूस अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल, तर हे वाक्य, भावाला त्याची जात ठाऊक होती असे दाखवून ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम जोडायला उपयोगी पडू शकते. ते बोलू नका आणि शक्य असेल तर मनातूनही काढा.

शेवटी वडिलांना त्या माणसाच्या बायकोला पैसे द्यायचे आहेत, याबद्दल. त्यांची भावना मला समजते, पण ती बाई या खटल्यात साक्षीदार असण्याची दाट शक्यता आहे, आणि हातात दिलेली रक्कम साक्ष फिरवण्याचा प्रयत्न म्हणून मांडली जाईल. भावाला जामीन मिळाला तर साक्षीदारांना भेटू नये अशी अटही बहुधा असेल. सध्या वडिलांनी तिच्या घरी जाऊ नये. भरपाईसाठी तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि निकालाच्या वेळी न्यायालय स्वतःही भरपाईचा आदेश देऊ शकते. निकालानंतर, तो कोणताही लागो, वडिलांना जे द्यायचे आहे ते त्यांनी वकिलामार्फत, पावतीसह, उघडपणे द्यावे. तोवर त्यांनी ती रक्कम बाजूला ठेवायला हरकत नाही, आणि माळ पुन्हा केव्हा घालायची हे त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे.