लीकमधले कोर मोजून खरेदी अडवू नको

भाऊ, पुढचं ग्राफिक्स कार्ड ‘दुप्पट वेगवान’ येणार म्हणून खरेदी थांबवून बसलायस ना? लीकमध्ये, म्हणजे घोषणेआधी फुटलेल्या माहितीत, कोरचा (कार्डातल्या छोट्या गणित करणाऱ्या भागांचा) आकडा दिसला की लगेच गुणाकार करू नको. एनव्हिडियाच्या आरटीएक्स २०८० टीआय कार्डात ४३५२ कोर होते, पुढच्या पिढीच्या ३०८० मध्ये बरोबर दुप्पट, ८७०४. गेममध्ये फरक पडला साधारण तीसेक टक्क्यांचा. जो भाग आधी फक्त इंटिजरचं (पूर्णांकांचं) काम करायचा, त्याला फ्लोटिंग पॉइंटही (दशांश संख्यांचं गणित) जमायला लागलं, म्हणून मोजणी फुगली. गेमला मात्र दोन्ही कामं लागतात, म्हणून वेग दुप्पट होत नाही. कंपनीचे दावेही तसेच. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने नव्या ५०७० कार्डाला आधीच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९० च्या पंगतीत बसवलं, ते एआयने मधल्या फ्रेम (पडद्यावरची चित्रं) भरून. कंपनीच्या आलेखाखालची बारीक अक्षरं आधी वाचत जा.

लीकमधले वॅट मात्र मी गंभीरपणे घेतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, वर कूलरची दमट हवा. त्यात ३०० वॅटचं कार्ड म्हणजे खोलीत हीटरच. कॅबिनेट हवेशीर घे.

डॉलरची किंमत रुपयात गुणून सीताबर्डीच्या बाजारात जाऊ नको, १८ टक्के जीएसटी वेगळा असतो. आत्ताचं कार्ड पुरत असेल तर स्वतंत्र रिव्ह्यूपर्यंत थांब. गेम अडखळतच असेल तर घेऊन टाक.